वॉर्डाबाहेरची बाळं: बारामतीच्या अधिष्ठात्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता,
पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय,
बारामती.



एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा आणि त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप. बालमृत्यू, कुपोषण, लसीकरण यांची सरकारी मोजदाद ज्या वयात होते, ती बाळाची पहिली पाच वर्षंही जवळपास तेवढीच. बारामतीत एखाद्या मुलीनं प्रवेश घेतला त्याच महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या शेळगावात जन्मलेलं बाळ, ती अंतिम परीक्षेला बसते तेव्हा अंगणवाडीत गाणी म्हणत असतं. तिची इंटर्नशिप संपते तेव्हा ते झेडपीच्या शाळेच्या पटावर चढायच्या बेतात असतं. दोघांची वर्षं अशी जुळतात, हे वापरून घेण्यासारखं आहे. आपल्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा बालरोग गट चालवायचा असेल तर तो या जुळणीवर उभा राहावा, एवढं सांगण्यासाठी हे पत्र. लिहिणारा डॉक्टर नाही, इंदापूर तालुक्यातला एक रहिवासी आहे, त्यामुळे त्याच्या सूचना गावाकडून महाविद्यालयाकडे पाहत केलेल्या आहेत.

विषयवार विद्यार्थी गट ही अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांमधली पद्धत. शस्त्रक्रियेत रस असणाऱ्यांचा एक गट, मनोविकारशास्त्राचा दुसरा, बालरोगाचा तिसरा. तज्ज्ञांना बोलवायचं, त्यांच्याबरोबर वॉर्डात हिंडायचं, मुलांच्या रुग्णालयात स्वयंसेवा करायची आणि हा विषय आपल्याला झेपेल का ते वेळीच ओळखायचं. आपल्याकडे १९६३ साली स्थापन झालेली ‘इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ ही बालरोगतज्ज्ञांची संघटना पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रश्नमंजूषा घेते. महाविद्यालयापासून राष्ट्रीय फेरीपर्यंत ती चढत जाते. स्पर्धा चांगली आहे, तिच्या निमित्तानं मुलं पुस्तक दोनदा वाचतात. पण विद्यार्थ्यांचा गट म्हणजे त्या स्पर्धेची तयारी, एवढाच त्याचा अर्थ उरला तर गट चार हुशार मुलांचा होतो आणि बाकीची टाळ्या वाजवतात.

अशा गटांचं आयुष्यही सगळ्यांना पाठ आहे. दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, लोगो बनतो, व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो. जुलैच्या शेवटी ओआरएस सप्ताहाचं पोस्टर लागतं, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाचं, नोव्हेंबरात नवजात शिशू सप्ताहाचं. तिसऱ्या वर्षाला पोचलेला अध्यक्ष नीट-पीजीच्या क्लासमध्ये बुडतो, सचिवाची पोस्टिंग बदलते, आणि पुढच्या तुकडीला वारसा म्हणून पासवर्ड हरवलेलं इन्स्टाग्राम खातं मिळतं. यात मुलांचा दोष कमी. पुढच्या तुकडीच्या हाती सोपवण्यासारखं त्यांच्याजवळ काही नसतंच. पोस्टर सोपवता येत नाही. बाळाची नोंदवही सोपवता येते.

बारामतीला इथे एक सोय आयतीच मिळालेली आहे. महाविद्यालय सुरू झालं २०१९ साली, आणि देशात एमबीबीएसचा नवा, क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला तोही त्याच वर्षी. जुन्या महाविद्यालयांना जुन्या सवयी मोडाव्या लागल्या, बारामतीला मोडायला काही नव्हतंच. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमात घातला: पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे गावातली तीन ते पाच कुटुंबं आणि त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जाणं-येणं. ही कल्पना दिल्लीत आभाळातून पडलेली नाही, तिचं घराणं महाराष्ट्रातलं आहे. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं सुरू झालं. तिथली पहिल्या वर्षाची तुकडी दरवर्षी एक गाव घेते, पंधरा दिवस त्या गावात मुक्कामाला राहते, मुलामुलींकडे कुटुंबं सोपवली जातात आणि शिबिर संपल्यावरही त्या घरांशी येणं-जाणं चालू राहतं. सेवाग्रामचे जुने विद्यार्थी आपल्या गावाचं नाव आजही पहिल्या प्रेमाच्या सुरात घेतात.

तेव्हा वेगळा उपक्रम काढायची गरजच नाही. बालरोग गटात येणाऱ्या विद्यार्थ्याला जी कुटुंबं मिळतील त्यात एक घर गरोदर बाईचं किंवा तान्ह्या बाळाचं असावं, एवढीच मागणी. शंभरातले वीसच विद्यार्थी आले तरी वीस बाळं झाली. शेळगाव, अंथुर्णे, निमगाव केतकी, लासुर्णे, सणसर अशी बारामती-इंदापूर रस्त्याच्या अंगाची गावं त्यासाठी पुरेशी आहेत. तुकोबांची पालखी याच पट्ट्यातून जाते आणि त्या दिवसांत आरोग्य पथकांची इथे रांग लागते. त्यांचे उपकार आहेत. पण एका दिवसाच्या शिबिरांचा या भागाला आता सराव झाला आहे: मंडप पडतो, बीपी तपासला जातो, पिवळ्या गोळ्या मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या गोळ्या कशाच्या होत्या हे कुणी सांगू शकत नाही.

वॉर्डात विद्यार्थ्याला मूल भेटतं ते आजारी असताना. दम लागलेलं, झटका आलेलं, जुलाबानं डोळे खोल गेलेलं. ते शिकणं अटळच आहे आणि तुमचे बालरोगाचे प्राध्यापक ते शिकवतात. पण निरोगी मूल बघायला मिळालं नाही तर आजारी मूल किती आजारी आहे हे कळायला उशीर लागतो. विकासाचे टप्पे प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो: दोन महिन्यांचं बाळ ओळखीचं हसतं, तीन-चार महिन्यांत मान धरतं, आठव्या महिन्याच्या सुमाराला आधाराविना बसतं, वर्ष-सव्वा वर्षात पावलं टाकतं. तोंडी परीक्षेत हा तक्ता घडाघडा म्हणता येतो. शेळगावातल्या एखाद्या पडवीत आजी म्हणते, ‘आमचं बाळ अजून मान सावरंना, पण त्याचा बापबी असाच उशिरा सावरला हुता,’ तेव्हा त्या तक्त्याची खरी परीक्षा सुरू होते. थांबायचं किती? घाबरवायचं नाही, पण हलकंही घ्यायचं नाही, हे आजीला कोणत्या शब्दांत सांगायचं? हा प्रश्न चार पर्यायांत येत नाही.

अशा बाळासाठी सरकारी वाट आहे. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो महाराष्ट्रातच, पालघरला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात. पण पथक येतं त्या दिवशी बाळ मामाकडे गेलेलं असतं. ज्या विद्यार्थिनीनं त्या बाळाला सहा वेळा पाहिलंय, तिला या वाटेचा पुढचा थांबा ठाऊक हवा, आणि त्या थांब्यावर आईबरोबर जायची तयारीही हवी.

आता दुधाची गोष्ट. बारामती-इंदापूरचा हा पट्टा नीरा डाव्या कालव्यावर पिकलेला, उसाचा आणि दुधाचा. घरटी गाई, पहाटे संकलन केंद्रावर किटल्यांची गर्दी. अशा ठिकाणी मुलं अशक्त कशी असतील, असं पुण्याहून येणाऱ्याला वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभर मुलांपैकी जवळपास ६९ मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. वयाच्या मानानं उंची खुंटलेली मुलं ३५ टक्क्यांवर होती. गाईच्या दुधात लोह फारच थोडं असतं. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू व्हायला हवं तेव्हा पातेलंभर दूधच पाजत राहिलं, तर पोट भरतं आणि डाळ-भात, भाजी, अंड्याला जागा उरत नाही. बाळ गुटगुटीत दिसतं, नखं पांढरी असतात. अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलिलिटर द्यायचं असतं. बाटली घरात पोचते आणि फळीवर बसते, कारण बाळाला काळी शी झाली की आई घाबरते आणि औषध बंद करते. शी काळी होणं अपेक्षित आहे, हे एक वाक्य त्या घरात वेळेवर बोललं जायला हवं. त्याला एमडीची पदवी लागत नाही. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ते बोलू शकतो, अट एवढीच की आठवड्यानं त्यानं पुन्हा विचारलं पाहिजे.

ओआरएसचंही तसंच. पुडी एक लिटर पाण्याची असते. घरी मात्र पेलाभर पाण्यात चिमूटभर पावडर टाकून उरलेली पुडी रबरबँड लावून ठेवली जाते. मीठ-साखरेचं प्रमाण बिघडलं की औषधाचा उपयोग राहत नाही, उलट अपायही होऊ शकतो. सप्ताहाच्या पोस्टरवर हे लिहिलेलं असतं. पण त्या स्वयंपाकघरात एक लिटर पाणी नेमकं कोणत्या तांब्यात मावतं, हे पोस्टरला माहीत नसतं.

या योजनेतली सगळ्यात मोठी अडचण आधीच सांगून टाकलेली बरी. पहिलं बाळंतपण माहेरी. शेळगावची सून सातव्या-आठव्या महिन्यात माढ्याला, करमाळ्याला, फलटणला जाते आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की वाजतगाजत परत येते. नवजात बाळासाठी आशाताईच्या घरभेटी ठरलेल्या असतात: दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. त्या साऱ्या माहेरच्या गावी होतात, किंवा माहेरच्या आशाताईच्या यादीत ही बाई नाही म्हणून होतच नाहीत. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याला बाळाचे सगळ्यात नाजूक दिवस दिसणारच नाहीत. यावर उपाय फोनचा आहे आणि तो विद्यार्थ्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त जमेल. बाळंतिणीला माहेरी फोन करायचा, तिथल्या आशाताईचा नंबर मिळवायचा, माता-बाल संरक्षण कार्डाचं पान मागवायचं, पहिल्या दिवशी चीक पाजला की मध चाटवला ते विचारायचं. उलटंही घडेल: शेळगावची लेक परगावाहून माहेरी येईल आणि ज्या बाळाचं नाव कुठल्याच दत्तक यादीत नाही असं बाळ गटाच्या दारात उभं राहील. त्याला ‘आमच्याकडे नोंद नाही’ म्हणणारे गावात पुष्कळ आहेत, त्यात भर नको.

दुसरी गळती हंगामाची. दसरा-दिवाळीनंतर भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, इकडे माळेगाव, सोमेश्वर अशा साखर कारखान्यांच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. बीडपासून माणसं येतात, फडाजवळ कोप्या पडतात आणि त्यांत तान्ही बाळंही असतात. पाडव्याच्या आगेमागे सगळं उठून जातं. या बाळांचं लसीकरणाचं कार्ड गावाकडे पेटीत असतं आणि मुकादमाच्या यादीत कोयते मोजले जातात, लेकरं नाहीत. यू-विन या डिजिटल नोंदीमुळे आता एका जिल्ह्यात दिलेला डोस दुसऱ्या जिल्ह्यात दिसू शकतो, पण मुळात कुणीतरी कोपीपर्यंत जाऊन मोबाइल नंबर विचारावा लागतो. २०२२च्या अखेरीला गोवंडीत, मालेगावात, भिवंडीत गोवर उसळला तेव्हा डोस चुकलेल्या मुलांचा प्रश्न साऱ्या राज्यानं पाहिला. कोपीतलं बाळ साडेचार वर्षं विद्यार्थ्याच्या नजरेखाली राहणार नाही हे उघड आहे. त्याच्यासाठी गटानं पाच महिन्यांचं वेगळं काम आखावं. नोव्हेंबरात मोजणी, डिसेंबर-जानेवारीत आरोग्यसेविकेच्या सत्राला बाळं पोचवणं, आणि निघताना प्रत्येक आईच्या हातात पुढच्या डोसची तारीख लिहिलेलं कार्ड.

आशाताईच्या पाठीमागून जावं की वेगळं? पाठीमागून. नव्हे, तिच्या सोबतीनं. लहान बालकांसाठीच्या तिच्या पुढच्या भेटी ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात असतात. विद्यार्थ्यानं त्याच दिवशी जावं, ती बोलेल तेव्हा ऐकावं. पंधराव्या महिन्यानंतर मात्र ठरलेल्या भेटी थांबतात. बाळ चालू लागलेलं, आई पुन्हा रानात जाऊ लागलेली, आणि तीन वर्षांचं होऊन रोज अंगणवाडीत बसायला अजून अवकाश. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो, तो चुकतो तो याच काळात. एकाच ताटात सगळ्यांबरोबर जेवणारं हे मूल नेमकं किती खातं, हेही कुणी पाहत नाही. गटाच्या कामात कुठे खोल जायचं असेल तर ती जागा ही आहे.

एका बाळाच्या मागे वर्षानुवर्षं जाण्यातून काय हाती लागतं, याचं उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांची नोंद सुरू केली, तीही गरोदरपणाच्या आधीपासून. पुढे त्यांची बाळं जन्मली, आणि ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत आणि त्यानंतरही त्यांची मोजमापं चालू राहिली. या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. सगळं जग म्हणत होतं, बाळ बारीक आहे, एवढंच. या अभ्यासानं दाखवलं की बारीक दिसणाऱ्या बाळाच्या अंगावर स्नायू कमी असले तरी चरबी मात्र तितकीशी कमी नव्हती. भारतात मधुमेह एवढ्या लवकर का गाठतो, या प्रश्नाचा एक धागा अशा रीतीनं शिरूरकडच्या गावांतल्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचला. हे एका भेटीत दिसलं नसतं. वजनकाटा दर वेळी तोच आणि तसाच लावणारी माणसं होती, म्हणून दिसलं.

मोजण्याची हीच गोष्ट गडचिरोलीत वेगळ्या रीतीनं घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली आले: नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. आशाताईच्या आजच्या घरभेटींचं मूळ तिथे आहे. मोजण्याचंच आणखी एक उदाहरण: न्यूमोनिया ओळखायला मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा जास्त असले तर धोका. आपल्या विद्यार्थ्यांना हे आकडे येतात. पण रडणारं बाळ शांत होईपर्यंत थांबून, सदरा वर करून, पूर्ण साठ सेकंद पोटाकडे बघत राहणं ओपीडीच्या गर्दीत क्वचितच जमतं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय लागते. ती मोडायला गावातली निवांत दुपार बरी.

गटाच्या बैठकांत काय बोलायचं, हा प्रश्न मग आपोआप सुटतो. आठवड्यात पाहिलेल्या बाळांबद्दल बोलायचं. एखाद्याला प्रश्न पडेल: शेळगावच्या घरांत वरचं अन्न नेमकं कोणत्या महिन्यात सुरू होतं? तेवढ्या प्रश्नावर दोन महिन्यांचं काम होऊ शकतं, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांच्या अशा कामासाठी आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून आहे. महाराष्ट्रातलं बरंचसं चांगलं बालवैद्यक अशाच जवळच्या प्रश्नांतून आलं आहे. महाडकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत दगावत होती, म्हणून डॉ. हिंमतराव बावस्कर उपचार शोधत राहिले आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध तिथे कामाला आलं. सायनच्या रुग्णालयात कमी दिवसांच्या बाळांना आईचंच दूध मिळालं पाहिजे या आग्रहातून डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. या दोघांनी प्रश्न परदेशी पुस्तकातून आणला नव्हता.

काही पथ्यं मात्र पहिल्याच बैठकीत लिहून काढावीत. विद्यार्थ्यानं औषध लिहू नये, इंजेक्शनला हात लावू नये, शेजारच्या आजोबांचा गुडघा बघायची विनंती हसून टाळावी. बाळाचे फोटो काढू नयेत, काढले तरी कुठे टाकू नयेत. कुपोषित बाळाचा फोटो लाइक्स मिळवतो आणि त्या आईचं गावात तोंड काळं करतो. विदा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाच्या डिजिटल माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, तेव्हा नोंदवही कुणाच्या मोबाइलमध्ये न राहता महाविद्यालयाच्या कपाटात राहावी. आणि आजीशी वाद घालू नये. गुटी उगाळणं, टाळू भरणं, काजळ, धुरी यातलं काय निरुपद्रवी आणि काय घातक हे विद्यार्थ्याला कळायला हवं. टाळूवर तेल घातल्यानं आभाळ कोसळत नाही. धुरीनं भरलेल्या खोलीत बाळाला खोकला लागतो, ते मात्र सांगायला हवं, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, चहा घेतल्यावर.

हे सगळं चालवायचं तर आपल्याकडून चार गोष्टी लागतील, आणि त्यातली एकही फार खर्चिक नाही. गटाला दोन मार्गदर्शक हवेत, एक बालरोग विभागातला आणि एक जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागातला. दोन्ही विभागांत गटाची मालकी कुणाची यावरून रुसवेफुगवे होतील, ते आपण सांभाळून घ्यावेत. भेटीचा वेळ कुटुंब दत्तक कार्यक्रमाच्या तासांत धरावा, रविवारवर ढकलू नये. रविवारची सेवा पहिल्या परीक्षेपर्यंत टिकते. गाडी हवी, कारण अंथुर्ण्याच्या पुढे एसटीची वाट बघत बसलेला विद्यार्थी तिसऱ्या खेपेला येत नाही. आणि पुढाकार दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे असावा, अंतिम वर्षाच्या नव्हे. अंतिम वर्षाच्यांनी फक्त आपलं बाळ सांभाळावं आणि इंटर्न होऊन बाहेर पडण्याआधी नव्या तुकडीतल्या एकाला त्या घरी नेऊन ओळख करून द्यावी. मूल तोवर मोठं झालेलं असेल, पण त्याच घरात किंवा शेजारी पाळणा हललेला असतोच.

‘पोरांना नीट-पीजीचा अभ्यास आहे, त्यांना गावात काय हिंडवता?’ हा आक्षेप पालक घेतील आणि काही प्राध्यापकही घेतील. आक्षेप खोटा नाही. महिन्यातून एक दुपार जाईल. पण वाढीचा तक्ता, लसीकरणाचं वेळापत्रक, विकासाचे टप्पे, रक्तक्षय, जुलाब, न्यूमोनिया हा बालरोगाच्या पेपरचा मोठा तुकडा आहे आणि तो या एका दुपारी पुन्हा पुन्हा समोर येतो. शिवाय गटातली सगळी मुलं बालरोगतज्ज्ञ होणार नाहीत, व्हायचंही नाही. कुणी हाडांचा डॉक्टर होईल, कुणी भुलीचा. शेळगावसारख्या ठिकाणी रात्री दोन वाजता ताप चढलेलं मूल जवळ असेल त्या डॉक्टरकडे नेलं जातं, त्याच्या पाटीवर काय लिहिलंय हे बघून कुणी थांबत नाही.

सुरुवात मोठी करू नये. पहिल्या वर्षी एकच गाव आणि दहा-बारा बाळं पुरेत. तान्ह्या बाळांचा एक चांगला वजनकाटा, उंची मोजायची पाटी, दंडघेराची पट्टी आणि एक जाड वही, एवढं सामान. पहिल्या भेटीचा दिवस महाविद्यालयाच्या वेळापत्रकावरून ठरवू नये. गावात लसीकरणाचं सत्र कधी असतं ते आशाताईंना विचारावं आणि त्या दिवशी सकाळी दहाच्या आत पोचावं. बायका रानातून जेवायला परत येईपर्यंत थांबायची तयारीही ठेवावी. शेळगाव घ्यायचं ठरलं, तर ग्रामपंचायतीला आठ दिवस आधी एक पत्र पाठवावं, म्हणजे अंगणवाडीची खोली मोकळी ठेवता येईल.

कळावे.

आपला नम्र,
शेळगावचा एक रहिवासी
ता. इंदापूर, जि. पुणे